जड धातूंचा गाळ आणि सिमेंटचे बंधन

महोत्सवाच्या स्मरणिकेत अहवाल, आभार आणि देणगीदारांची नामावळी असावयाचीच. तथापि ज्या संस्थेने इतकी वर्षे मुलांच्या शिक्षणासाठी पैसा आणि श्रम वेचले, तिच्या स्मरणिकेत शिकण्यासारखा एखादा पाठही असावा, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. विषय निवडण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोपविले. आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल; परंतु सुरतेत राहून हातच्या कामावर पोट भरणाऱ्या कुटुंबांना तो परका नाही.

आपल्या सभासदांपैकी कोणी रंगाईच्या मिलमध्ये आहे, कोणी जरीच्या कारखान्यात, कोणी मुलाम्याच्या हौदावर, तर कोणी गवंडीकामावर. त्यांच्यापैकी काहींनी अलीकडे आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. कारखान्यातील गाळ सिमेंटमध्ये कालवून केलेल्या विटा आणि अंगणात बसविण्याचे ठोकळे स्वस्तात मिळतात म्हणे. ते घेण्यास हरकत आहे काय? एकदा सिमेंटमध्ये पक्के झाल्यावर विष जाणार कोठे, असा त्यांचा तर्क. हा तर्क अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग ध्यानात न घेता व्यवहार केला तर त्याची किंमत आपल्या मुलाबाळांना द्यावी लागेल. म्हणून दोन्ही भाग येथे क्रमाने मांडतो.

१. जड धातू कोठून येतात?

शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त ही या वर्गातील नेहमीची नावे. आर्सेनिक, म्हणजे सोमलातील मूळ द्रव्य, हेही सोयीसाठी याच पंक्तीला बसवितात. यांपैकी तांबे आणि जस्त अत्यल्प प्रमाणात शरीराला हवे असतात. प्रमाण वाढले की तेच बाधतात. शिसे, पारा आणि कॅडमियम यांची मात्र शरीराला कसलीच गरज नाही. शिशाचा सर्वांत मोठा घाव लहान मुलांच्या मेंदूवर होतो, कॅडमियमचा मूत्रपिंडावर.

जरीचे काम घ्या. नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा आणि वर सोन्याचा मुलामा चढतो. यंत्रांच्या सुट्या भागांवर निकेल, क्रोमियम किंवा जस्त चढविले जाते. कापडावर छपाई करणारे फिरते जाळीदार रूळ निकेलचे असतात. काही रंगांच्या रेणूंतच क्रोमियम, तांबे किंवा कोबाल्ट गुंफलेले असते. हे सर्व धुताना धातूचा थोडा अंश पाण्यात उतरतो. कारखान्याने ते पाणी नियमानुसार शुद्ध करावयाचे असते. चुना वगैरे घातला की धातू खाली बसतात, वरचे पाणी निवळते आणि पुढे जाते.

परंतु पाणी निवळले म्हणजे धातू नाहीसे झाले असे नव्हे. ते गाळात उतरले. स्वयंपाकघरातील उष्टे कुजून माती होते, चिंधी जाळली तर राख होते, पुष्कळशी सेंद्रिय विषेदेखील मोठ्या भट्टीत जळून निरुपद्रवी होतात. शिसे मात्र कितीही जाळा, पुरा किंवा बुडवा, शिसेच राहते. मूलद्रव्य रासायनिक क्रियेने नष्ट करता येत नाही, हा शाळेतला पहिला धडा येथे लागू पडतो. तेव्हा जड धातूच्या गाळाबाबत माणसाच्या हाती एकच उपाय उरतो: तो अशा रूपात आणि अशा जागी ठेवावयाचा, की पाण्याबरोबर तो बाहेर पडू नये.

२. मोरचुदाचा धडा

सिमेंटकडे वळण्यापूर्वी खानदेशातून आलेल्या आपल्या मंडळींना ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. द्राक्षे, केळी आणि भाजीपाला यांवर फवारण्यासाठी शेतकरी बोर्डो मिश्रण करतात. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो भागात द्राक्षांच्या रोगावर उपाय म्हणून प्रचारात आले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे साधारण प्रमाण असते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. एकटा फवारला तर तो पाने करपवितो. चुन्याच्या निवळीत मिसळला की त्यातील तांबे विरघळलेल्या स्थितीतून बाहेर येते आणि निळ्या कणांच्या रूपाने तरंगत राहते. मग पान करपत नाही.

जाणता शेतकरी येथे एक परीक्षा घेतो. लोखंडाचे स्वच्छ पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवून तो बाहेर काढतो. पात्यावर तांबूस थर चढला तर काही तांबे अजून मोकळे आहे असे समजून तो आणखी चुना घालतो. पाते स्वच्छ राहिले तर मिश्रण फवारणीस योग्य ठरते.

या साध्या परीक्षेत आपल्या विषयाचे सार आहे. तांबे दोन्ही वेळा तितकेच होते. फरक पडला तो मोकळे आणि बांधलेले यांत. हा बंध कायमचाही नाही. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली त्या निळ्या कणांवर थोडे व्हिनेगर टाकावे. कण विरघळून पाणी पुन्हा निळे होते. चुन्याने बांधले ते आम्लाने सोडविले.

३. सिमेंट काय करते?

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजून जे खडे होतात ते थोड्या जिप्समबरोबर दळले म्हणजे आजचे सिमेंट होते. त्यात पाणी घातले की ते नुसते वाळत नाही, पाण्याशी संयोग पावते. त्यातून मुख्यतः दोन पदार्थ होतात. एक म्हणजे कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचा अतिसूक्ष्म जाळीसारखा चिकट पदार्थ. सिमेंटची ताकद ती यामुळेच. दुसरा म्हणजे आपला ओळखीचा विरी गेलेला चुना. त्यामुळे सिमेंटच्या आतील छिद्रांतले पाणी अत्यंत अल्कधर्मी असते. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, या पाण्याचा १२.५ ते १३ किंवा त्याहूनही अधिक.

अशा सिमेंटमध्ये धातूचा गाळ कालविला असता तीन गोष्टी घडतात. पहिली, चुन्याच्या योगाने बरेच धातू न विरघळणाऱ्या रूपात जातात. हा बोर्डो मिश्रणाचाच प्रकार. दुसरी, सिमेंटची सूक्ष्म जाळी आणि त्यातील इतर स्फटिक धातूचे काही अणू आपल्या पृष्ठावर धरतात किंवा आपल्या घडणीत सामावून घेतात. तिसरी, सर्व मिश्रण दगडासारखे होऊन पाण्याला आत शिरावयास वाट कमी राहते.

पहिल्या दोन गोष्टींना स्थिरीकरण म्हणतात, तिसरीला घनीकरण. हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का लक्षात ठेवावा. ठोकळा टणक झाला म्हणजे आतला धातू स्थिर झालाच असे नाही. मिठाचे खडे सिमेंटमध्ये घातले तर ठोकळा होईल, परंतु पाण्यात ठेवताच मीठ हळूहळू बाहेर येऊ लागेल. हातोड्याने ठोकून पाहणाऱ्यास घनीकरण कळते. स्थिरीकरण कळण्यास प्रयोगशाळा लागते.

४. प्रत्येक धातूचा स्वभाव निराळा

सर्व धातूंना एकच औषध चालत नाही. गाळ सिमेंटमध्ये घालण्यापूर्वी त्यात काय आहे हे जाणावे लागते आणि त्याप्रमाणे पूर्वतयारी करावी लागते.

क्रोमियमची दोन रूपे व्यवहारात आढळतात. त्रिसंयुजी क्रोमियम चुन्याने सहज खाली बसतो. षट्संयुजी क्रोमियम पिवळा असतो, पाण्यात सुखाने विरघळतो आणि कितीही चुना घातला तरी तसा खाली बसत नाही. याच रूपास कर्करोगकारक म्हणून मान्यता मिळालेली आहे. त्याला सिमेंटपूर्वी हिराकस देऊन त्रिसंयुजी रूपात आणावे लागते. ही पायरी गाळली तर पिवळे विष ठोकळ्यात असूनही मोकळेच राहते.

गवंडीकाम करणाऱ्या सभासदांसाठी येथेच एक गोष्ट सांगतो. साध्या सिमेंटमध्येही या क्रोमियमचा अल्प अंश असू शकतो. वर्षानुवर्षे ओल्या सिमेंटमध्ये हात घालणाऱ्यांच्या हाताला खाज आणि चिरा पडतात. त्यात सिमेंटच्या दाहकतेबरोबर या क्रोमियमचाही वाटा असतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील विरघळणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमवर दहा लाख भागांत २ भाग अशी मर्यादा घातली. ती पाळण्यासाठी तेथे सिमेंटमध्ये हिराकसच मिसळतात. आपल्या गवंड्यांनी निदान रबरी हातमोजे वापरावेत आणि काम संपताच हात धुवावेत.

शिसे आणि जस्त यांची तऱ्हा वेगळी. बेताच्या अल्कतेत ते खाली बसतात, परंतु अल्क फार झाले की पुन्हा विरघळू लागतात. सिमेंटमधील अल्कता त्यांच्या सोयीपेक्षा जास्त असते. शिवाय हे दोन्ही धातू सिमेंटचे धरणे लांबवितात. एका गोणीत मूठभर साखर पडली तरी सिमेंट वेळेवर धरत नाही, हे गवंडी जाणतात. जस्ताचा आणि शिशाचा परिणाम काहीसा तसाच. शिशासाठी कधी आधी फॉस्फेट वापरतात.

पारा चुन्याला दाद देत नाही आणि वाफेच्या रूपानेही निसटतो. त्याला गंधकाच्या संयुगाने बांधावे लागते. आर्सेनिकला लोहाच्या क्षाराची जोड लागते. मुलाम्याच्या काही हौदांत सायनाइड असते. ते अगोदर स्वतंत्रपणे नष्ट केलेच पाहिजे. सायनाइडच्या पाण्यात आम्ल पडले तर प्राणघातक वायू निघतो. अशा हौदावर काम करणाऱ्याने दोन हौदांचे पाणी आपल्या मनाने कधीही एकत्र करू नये.

५. कसोटी आणि तिचा अर्थ

ठोकळा खरोखर स्थिर झाला की नाही हे कसे ओळखावे? अमेरिकेत १९९० पासून रूढ झालेली एक परीक्षा आपल्या देशातील नियमांतही मानली जाते. नमुना ९.५ मिलिमीटरहून बारीक फोडतात, त्याच्या २० पट वजनाचे सौम्य ॲसेटिक आम्ल घालतात आणि सुमारे १८ तास बाटली उलटसुलट फिरवितात. व्हिनेगरमधील आम्ल ते हेच. मग गाळून घेतलेल्या पाण्यात किती धातू उतरला ते मोजतात. शेतकऱ्याच्या पात्याचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. आपल्या २०१६ च्या नियमांत या पाण्यातील मर्यादा लिटरमागे अशा आहेत: शिसे ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५, कॅडमियम १, पारा ०.२. याहून अधिक धातू उतरला तर तो कचरा घातक गणला जातो.

आता याच आकड्यांची तुलना पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी करू. त्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे परीक्षेतील मर्यादा शिशासाठी ५०० पट आणि क्रोमियमसाठी १०० पट सैल आहे. यात नियम करणाऱ्यांची चूक नाही. ही परीक्षा मुद्दाम कठोर ठेवलेली आहे आणि ठोकळ्यातून झिरपणारे पाणी विहिरीपर्यंत पोहोचेतो पुष्कळ पातळ होईल असे तीत गृहीत धरलेले आहे. परंतु 'परीक्षेत पास झालेला ठोकळा' याचा अर्थ 'मुलांनी ज्यावर बसून जेवावे असा ठोकळा' असा कोणी करू नये. त्या परीक्षेने तेवढे वचन दिलेलेच नाही.

शिवाय १८ तासांची परीक्षा २० वर्षांची गोष्ट पूर्ण सांगू शकत नाही. म्हणूनच नेदरलँड्समध्ये अखंड ठोकळा ६४ दिवस पाण्यात ठेवून, वेळोवेळी पाणी बदलून, किती धातू बाहेर येतो ते पाहण्याची रीत पडली.

६. काळ आणि पाणी

सिमेंटही म्हातारे होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू बाहेरून आत हळूहळू शिरतो आणि चुन्याचा पुन्हा खडू करतो. त्या भागातील सामू ९ च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. त्यामुळे काही धातूंचा बंध सैल होतो, काहींचा उलट घट्टही होतो. ठोकळ्याला तडे गेले, वाहनांच्या चाकांनी तो झिजला, त्यावर आम्लाचे सांडपाणी पडले, तर पाण्याला नवी वाट मिळते. झिजलेल्या ठोकळ्याची धूळ घरात येते ती वेगळीच.

आपल्या शहराला पाण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. लिंबायत भागातील कुटुंबे मिठी खाडीचे पाणी घरात शिरलेले पाहत आली आहेत. सखल जागी भराव म्हणून टाकलेला गाळ असे पाणी कोठवर नेईल याचा हिशेब कोणी ठेवू शकत नाही.

यासाठीच स्थिर केलेला गाळदेखील उघड्यावर टाकावयाचा नसतो. दाबलेली चिकणमाती आणि जाड प्लास्टिक यांचे अस्तर दिलेल्या, झिरपणारे पाणी गोळा करण्याची सोय असलेल्या मान्यताप्राप्त भूभरावातच तो जावयास हवा. सिमेंट, योग्य पूर्वतयारी, परीक्षा आणि सुरक्षित जागा या चौघांनी मिळून हे काम होते. एकट्या सिमेंटवर ते सोपविता येत नाही.

७. कायदा आणि अनुभव

घातक कचऱ्याचे पहिले नियम आपल्या देशात १९८९ साली झाले. आजचे मुख्य नियम २०१६ चे आहेत. त्यांप्रमाणे असा कचरा उत्पन्न करणाऱ्याची जबाबदारी तो कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला म्हणून संपत नाही. कोणता कचरा, किती, कोणत्या वाहनातून, कोठे गेला, याची नोंद ठेवावी लागते.

नियम मोडले गेले की काय होते हे सुरतेने पाहिले आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात असता विषारी वायू उठला. जवळच्या मिलमधील सहा कामगारांचा मृत्यू झाला आणि वीसहून अधिक आजारी पडले. तो प्रकार जड धातूंचा नव्हता. परंतु त्यामागचे कारण येथेही तेच असते: कचऱ्याची रीतसर वाट लावण्यास पैसे पडतात, आणि अंधारात टाकणे फुकट असते. वायूचा बळी त्याच सकाळी दिसला. धातूचा बळी दिसण्यास वर्षे लागतात, आणि तोपर्यंत टँकरचा क्रमांक कोणाच्या लक्षात राहत नाही.

तामिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमची रसायने करणारा एक कारखाना गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद पडला. मागे लाखो टन कचऱ्याचा ढीग उरला आणि त्यातील क्रोमियम भूजलात उतरत राहिला. आपल्या गुजरातेत बडोद्याच्या गोरवा भागातही क्रोमियमच्या कचऱ्याचा असाच प्रश्न उभा राहिला. ज्यांनी नफा घेतला ते निघून गेले. विहिरी तेथेच राहिल्या.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखान्याचा प्रत्येक टाकाऊ पदार्थ विषारी असतो असे नाही. लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळी आणि औष्णिक वीजकेंद्रातील राख यांपासून होणाऱ्या सिमेंटला भारतीय मानके आहेत. आपल्यापैकी अनेकांची घरे त्याच सिमेंटची आहेत. २०२२ साली हजिऱ्याजवळ पोलादाच्या धातुमळीचा उपयोग करून सहा पदरी रस्ता झाला. त्यामागे केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेचा अभ्यास होता. फरक इतकाच, की तेथे पदार्थ कोणता हे माहीत होते, त्याची तपासणी झाली होती आणि जबाबदार कोण हे उघड होते.

८. सभासदांनी काय करावे?

पहिले, फुकट मिळणारा भराव घेऊ नये. काळा, हिरवट किंवा पिवळसर गाळ, उग्र वास किंवा रात्रीची गाडी यांपैकी काहीही आढळले तर जोत्यात, अंगणात किंवा शेतात तो पडू देऊ नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास अथवा महानगरपालिकेस कळवावे.

दुसरे, गाळाचे ठोकळे किंवा विटा देऊ करणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत. गाळ कोणत्या कारखान्याचा? त्यात कोणते धातू आहेत? मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल कोठे आहे? हा माल विकण्याची परवानगी कोणाची? चारांपैकी एकाचेही उत्तर लेखी मिळाले नाही तर माल परत पाठवावा. शाळा, दवाखाना, नमाजाची जागा, पाण्याची टाकी आणि मुलांचे अंगण यांसाठी तर असा माल अहवालासहदेखील घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे वाचलेले चार पैसे आपल्या कामाचे नाहीत.

तिसरे, जे सभासद स्वतः मुलाम्याचा किंवा रंगाईचा लहान कारखाना चालवितात त्यांनी निरनिराळ्या हौदांचा गाळ वेगवेगळा ठेवावा. क्रोमियम, सायनाइड आणि जस्त एकत्र झाले की पुढची प्रत्येक पायरी महाग होते. सर्वांत स्वस्त गाळ म्हणजे जो झालाच नाही. मुलाम्यातून काढलेला नग हौदावर थोडा वेळ निथळू द्यावा आणि धुण्याचे पाणी टप्प्याटप्प्याने पुन्हा वापरावे, म्हणजे धातूही वाचतो आणि गाळही कमी होतो.

चौथे, कामाचे कपडे घालून घरी येऊन मुलांना उचलून घेण्याची घाई करू नये. आधी हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत. मुलांच्या कपड्यांबरोबर ते धुऊ नयेत.

ट्रस्टच्या निधीचा पैन् पै हिशेब दर वर्षी सभेपुढे येतो, म्हणूनच लोक विश्वासाने पैसा देतात. जमिनीत ठेवलेल्या धातूचाही असाच हिशेब हवा. तो आपल्या हयातीत संपणारा नाही. आपल्यामागून येणाऱ्यांच्या हाती तो अमानत म्हणून जाणार आहे. तेव्हा कोठे, किती आणि कशा रूपात ठेवले आहे, याची नोंद त्यांना मिळालीच पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. घनीकरण आणि स्थिरीकरण यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. बोर्डो मिश्रणात लोखंडी पाते बुडविल्याने काय कळते? पात्यावर तांबूस थर का चढतो?
३. पिवळ्या क्रोमियमच्या गाळात सिमेंटपूर्वी हिराकस का घालतात?
४. एका ठोकळ्याच्या परीक्षेत लिटरमागे ४ मिलिग्रॅम शिसे उतरले. नियमाप्रमाणे तो घातक ठरेल काय? पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या किती पट हे शिसे आहे? असा ठोकळा तुमच्या अंगणात बसवाल काय? कारण द्या.